‘वेळीच दाखवा’ म्हणजे नेमके केव्हा?

सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर, शाळेच्या व्हरांड्यात आणि टूथपेस्टच्या एखाद्या कंपनीने भरविलेल्या तपासणी शिबिराच्या मांडवात एक उपदेश हमखास आढळतो. दातांकडे दुर्लक्ष करू नका, दुखणे वाढण्यापूर्वी वेळीच दंतवैद्यास दाखवा, असा त्याचा आशय असतो. उपदेश खोटा नाही. दंतविज्ञानही याहून निराळे काही सांगणार नाही. परंतु जेथे एका दिवसाची रजा म्हणजे एका दिवसाची उपासमार असते, तेथे ‘वेळीच’ हा शब्द दिसतो तितका निरुपद्रवी राहत नाही. वेळ कोणाच्या मालकीची, हा प्रश्न समाजवादी विचाराने दीडशे वर्षांपूर्वी कारखान्याच्या दारात विचारला. दवाखान्याच्या दारात तो विचारण्याचे मात्र राहून गेले आहे.

दातदुखीकडे पाहण्याची आपल्या समाजाची रीतच मुळी थट्टेची आहे. गालफडाला फडके बांधलेला माणूस रंगभूमीवर आला की प्रेक्षक हसतात. हृदयविकाराला सहानुभूती मिळते, क्षयाला निदान भीती तरी मिळते. दाताच्या वाट्याला येतात ते फुकटचे सल्ले. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ या म्हणीत दैवाचा काही तरी समतोल गृहीत धरलेला आहे. कष्टकऱ्याच्या बाबतीत चाळिशी उलटता उलटता दातही गेलेले असतात आणि चणेही आलेले नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार मुखविकारांनी ग्रासलेल्यांची जगातील संख्या सुमारे साडेतीन अब्ज आहे. इतक्या माणसांचे दुखणे जर क्षुल्लक ठरत असेल, तर ते का क्षुल्लक ठरते याचा शोध वैद्यकाच्या बाहेर घ्यावा लागेल.

ऊसतोडीच्या टोळीतील एखाद्या कामगाराचा विचार करावा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत गाव सोडलेले, मुक्काम उसाच्या फडाजवळच्या कोपीत. पहाटे अंधार असताना तोड सुरू होते आणि गाडी भरल्याशिवाय दिवस संपत नाही. एक खाडा झाला तर मजुरी तर बुडतेच, वर दंडही भरावा लागतो. अशा माणसाची दाढ ठणकू लागली तर त्याने ‘वेळीच’ कोठे जावे? प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्याचे पद नाही. ग्रामीण रुग्णालयात ते असेल तर बाह्यरुग्ण विभाग सकाळी, म्हणजे नेमका तोडीच्या वेळी. दाढ वाचवावयाची तर तिच्या मुळांतील नलिकांचा उपचार करून घ्यावा लागतो. त्याला दोन-तीन खेपा पडतात, वर टोपी बसवावयाची तर आणखी. तीन-चार खाडे देण्यापेक्षा एका खाड्यात दाढ उपटून घेणे त्याला परवडते. दात वाचविणे हा मध्यमवर्गाचा उपचार आणि दात काढून टाकणे हा श्रमिकाचा, अशी विभागणी कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ती मजुरीच्या हिशेबाने झाली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, त्यावर चौकशी समिती नेमली गेली. आजारी पडायला सवड नाही म्हणून अवयवच काढून टाकावयाचा, हे तर्कशास्त्र तेथे सर्वांना भयानक वाटले. दाढेच्या बाबतीत तेच तर्कशास्त्र रोज राबविले जाते आणि त्याची कोणी दखलही घेत नाही, कारण दाढा बत्तिसांपैकी एक असतात.

शासन यावर काय करते? शासन वाट पाहते. हा आरोप अतिशयोक्त वाटेल. परंतु योजनांची रचनाच तशी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो किंवा २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना असो, त्यांचे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या उपचारांना आहे. किडलेल्या दाढेत सिमेंट भरून घ्यावयाचे असेल तर कार्ड निरुपयोगी. त्याच दाढेचा पू जबड्याखाली उतरून गळा सुजला, श्वास कोंडू लागला आणि अतिदक्षता विभागात खाट लागली, की मग लाखांची भाषा सुरू होते. खाजगी आरोग्य विम्याच्या पॉलिसीतही दंतोपचार सामान्यतः वगळलेला असतो. अपघातात जबडा फुटला तर गोष्ट वेगळी. जणू दात हे शरीराचे अंग नसून तोंडात बसविलेले एखादे चैनीचे सामान आहे.

या हिशेबाची परिणती कोठे होते ते अमेरिकेतील मेरीलँड राज्याने २००७ साली पाहिले. बारा वर्षांच्या एका गरीब कृष्णवर्णीय मुलाच्या दाताचा संसर्ग मेंदूपर्यंत गेला. दात काढण्याचा खर्च सुमारे ऐंशी डॉलर झाला असता. त्याच्या आईला आपल्या मुलांसाठी सरकारी योजनेचे दर स्वीकारणारा दंतवैद्य मिळत नव्हता. मध्यंतरी कुटुंबाचे योजनेतील नावही निघून गेले होते. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, सहा आठवड्यांहून अधिक काळ तो रुग्णालयात होता, खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला आणि मुलगा दगावला. जगातील सर्वांत श्रीमंत देशात ऐंशी डॉलर वाचविण्याची ही किंमत. आपल्याकडे असे मृत्यू होत नाहीत असे नव्हे. ते ‘ताप येऊन गेला’, ‘गळा सुजून गेला’ अशा शब्दांत गावाच्या आठवणीत जमा होतात.

तेव्हा ‘वेळीच’ या शब्दाचा नेमका अर्थ कार्यकर्त्यांनी प्रथम स्वतः समजून घेतला पाहिजे. दाताच्या आत मऊ गर असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. शरीरात इतरत्र सूज आली तर तिला पसरायला जागा मिळते. दाताच्या गराभोवती मात्र टणक भिंत आहे. आतला दाब वाढतो आणि आडवे पडताच डोक्याकडील रक्तप्रवाह वाढून ठणका असह्य होतो. दातदुखी रात्रीच का खवळते याचे उत्तर बव्हंशी एवढेच आहे. थंड पाण्याने किंवा गोडाने क्षणभर कळ येऊन थांबत असेल तर अजून काही आठवड्यांची सवड आहे, कीड कोरून सिमेंट भरले की काम भागते. कळ एकदा उठल्यावर मिनिटेच्या मिनिटे रेंगाळू लागली, गरम चहाने वाढू लागली, झोपेतून उठवू लागली, तर गर बहुधा हातचा गेला आहे. अशा वेळी एक-दोन दिवसांत उपचार झाला पाहिजे. त्यानंतर कित्येकदा दुखणे आपोआप थांबते, आणि फसगत होते ती येथे. माणूस म्हणतो, बरे झाले, पैसे वाचले. वस्तुतः आतला गर मेलेला असतो. मेलेला मज्जातंतू दुखत नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी गाल सुजतो तेव्हा त्या जुन्या दुखण्याशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही.

गाल सुजला म्हणजे सवड संपली. त्याच दिवशी उपचार हवा. आणि सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरू लागली, जिभेखालचा भाग फुगून जीभ वर उचलली गेली, तोंड उघडेनासे झाले, गिळता न आल्याने लाळ गळू लागली, आवाज घोगरा किंवा कोंडल्यासारखा झाला, हुडहुडी भरून ताप आला, अथवा सूज वर चढून डोळा मिटू लागला, तर यांपैकी एकही चिन्ह पुरेसे आहे. अशा रुग्णाने सकाळची वाट पाहू नये आणि गल्लीतल्या दंतवैद्याचे दार ठोठावण्यातही वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, किंवा मिळेल त्या वाहनाने, श्वासमार्ग मोकळा ठेवण्याची आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले जिल्हा रुग्णालय वा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. रुग्णाला उताणे झोपवू नये, बसवून न्यावे. खालच्या दाढांपासून सुरू होऊन जिभेखालून गळ्यापर्यंत पसरणाऱ्या या संसर्गाचे वर्णन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ साली केले. प्रतिजैविके नव्हती त्या काळी निम्म्याहून अधिक रुग्ण त्यात दगावत. आज दगावण्याचे कारण नाही, फक्त पोहोचण्याला उशीर होता कामा नये. मधुमेही माणसाच्या बाबतीत तर हा सारा प्रवास कितीतरी झपाट्याने होतो. साखरेच्या आजाराच्या गोळ्या घेणाऱ्याने दाढेची सूज अंगावर काढणे हा आत्मघातच होय.

आणखी एक गोष्ट, जी दातांची नाहीच. चालताना, ओझे उचलताना खालचा जबडा दुखू लागला, सोबत घाम सुटला, छातीत दडपण आले, दम लागला, तर ते दुखणे हृदयाचे असू शकते. दाढ समजून लवंग धरून बसलेला हमाल अशा वेळी मृत्यूच्या दारात उभा असतो.

मार लागून पडलेल्या दाताविषयी तर अज्ञान सार्वत्रिक आहे. सुशिक्षितही त्याला अपवाद नाहीत. कबड्डीच्या मैदानावर, मोटारसायकलवरून पडून, यंत्रमागाचा धोटा उडून तोंडावर आदळून दात मुळासकट निघतो आणि लोक तो फेकून देतात. कायमचा दात असेल तर तो परत बसू शकतो. मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरून तो उचलावा; माती लागली असेल तर दुधाने वा स्वच्छ पाण्याने क्षणभर धुवावा, घासू तर मुळीच नये. माणूस शुद्धीवर असेल तर तो दात त्याच खोबणीत बसवून स्वच्छ फडक्यावर चावायला सांगावे. बसवता आला नाही तर दुधात ठेवावा. कोरड्या कागदात वा रुमालात गुंडाळला की मुळावरच्या पेशी मरतात. अर्ध्या तासात, फार तर तासाभरात दंतवैद्य गाठला तर दात वाचण्याची आशा चांगली असते. दूध-संकलन केंद्र नसलेले गाव पश्चिम महाराष्ट्रात शोधावे लागेल. तासाभराच्या अंतरावर दंतवैद्य असलेला तालुका मात्र विदर्भ-मराठवाड्यात शोधावा लागतो. लहान मुलाचा दुधाचा दात असा परत बसवू नये, त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा पोहोचते.

दात काढल्यानंतर रक्त थांबत नसेल तर स्वच्छ फडक्याची घट्ट घडी जखमेवर ठेवून अर्धा तास न उघडता चावून धरावी. मिनिटामिनिटाला घडी उचलून पाहणे आणि चूळ भरणे, यांनीच रक्त चालू राहते. तरीही थांबले नाही, किंवा रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल, तर रुग्णालयात न्यावे. औषधे मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. वेदना कमी करण्यासाठी पॅरासिटामॉल चालते, परंतु धडधाकट प्रौढानेही चोवीस तासांत चार ग्रॅमच्या पुढे, म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या पुढे, जाऊ नये, आणि यकृताचा विकार किंवा दारूचे व्यसन असलेल्याने तेवढीही घेऊ नये. आयबुप्रोफेनचा गुण अधिक येतो, तथापि पोटात व्रण असलेले, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि गर्भवती स्त्रिया यांना ते वर्ज्य आहे. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरण्याची प्रथा गावोगाव आहे. तिने दात तर बरा होत नाहीच, हिरडी मात्र भाजून निघते. सुजलेल्या गालाला शेकही देऊ नये. गर्भवतीचे दात काढावयाचे नाहीत, तिला हातच लावावयाचा नाही, ही समजूत कित्येक डॉक्टरांच्याही डोक्यातून गेलेली नाही. योग्य काळजी घेऊन तिच्यावर उपचार करता येतात आणि संसर्ग तसाच ठेवणे तिला व गर्भाला अधिक घातक असते.

औषधाच्या दुकानदाराबद्दल मात्र थोडे कठोर बोलणे भाग आहे. पट्टी कापून दोन लाल, दोन पिवळ्या गोळ्या देण्याचा जो व्यवहार चालतो, त्यात प्रतिजैविके सर्रास असतात. गराच्या दुखण्यावर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नसतो; पू झाला असेल तर तो काढून द्यावा लागतो, औषध त्याला साहाय्य करते इतकेच. दोन दिवस गोळ्या खाऊन ठणका दबतो, रुग्ण कामावर जातो, आणि जंतू औषधाला निर्ढावतात. परंतु सारा दोष दुकानदाराच्या माथी मारणे हा पुन्हा मध्यमवर्गीय न्याय झाला. रात्री नऊ वाजता ज्या गावात फक्त औषधाचे दुकान उघडे असते, त्या गावात तेच रुग्णालय होणार.

चळवळीतील काही मंडळी या सगळ्यावर नाक मुरडतील. प्रथमोपचाराचे धडे देणे म्हणजे सेवाभावी संस्थांचा उद्योग. जनतेने स्वतःची काळजी स्वतः घ्यावी असे शिकविले की शासन जबाबदारीतून सुटते, असा त्यांचा युक्तिवाद असतो. त्यात तथ्याचा अंश आहे, कारण ‘लोकसहभाग’ या गोंडस नावाखाली शासनाने आपली कितीतरी कर्तव्ये लोकांच्या गळ्यात बांधली आहेत. तथापि हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर काय उरते? लुडविगची सूज ओळखू न शकणारा कामगार शासनाकडे रुग्णवाहिका तरी कशी मागणार? आठ तासांचा दिवस मागणाऱ्या कामगाराला घड्याळ वाचता यावे लागले होते. जे ज्ञान असल्याने मागणी अधिक धारदार होते, ते ज्ञान शासनाच्या सोयीचे कसे असेल? खरा दोष वेगळाच आहे. कामगार संघटनांच्या मागणीपत्रकांत महागाई भत्ता असतो, बोनस असतो, कधीमधी चष्म्याचा भत्ताही असतो; दात क्वचितच असतात. पक्षाच्या शाखा पुण्यतिथीला दंततपासणी शिबिर भरवितात, शंभर माणसांच्या तोंडात बॅटरी मारून ऐंशी जणांना ‘तुमचे दात किडले आहेत’ असे लिहून देतात, एकेक ब्रश वाटतात आणि छायाचित्र काढून घरी जातात. त्या ऐंशी जणांनी पुढे कोठे जावयाचे? उपचाराची व्यवस्था नसलेली तपासणी ही भिंतीवरील त्या उपदेशाचीच दुसरी आवृत्ती होय.

समाजवाद्यांनी तरी दातांना तुच्छ लेखू नये. इतिहास त्यांना तशी मुभा देत नाही. ब्रिटनमध्ये १९४८ च्या ५ जुलैला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि कवळ्या व चष्मे यांसाठी लोकांची अशी रीघ लागली की अंदाजपत्रके कोलमडली. टीकाकार म्हणाले, पाहा, फुकट मिळाले की लोक ओरबाडतात. वस्तुतः ती पिढ्यान्‌पिढ्यांची थकबाकी होती. १९५१ च्या एप्रिलमध्ये अर्थमंत्री गेट्स्केल यांनी, कोरियातील युद्धापायी वाढलेल्या लष्करी खर्चाची तोंडमिळवणी करण्याकरिता, कवळ्या व चष्मे यांच्यावर निम्मा आकार बसविला. त्यावर ॲन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हॅरॉल्ड विल्सनही बाहेर पडले. वेल्सच्या खाणीत उमेदीची वर्षे घालविलेल्या त्या माणसाला कवळीचे महत्त्व ठाऊक होते. तोफेसाठी दात विकावयाचे नाहीत, हा प्रश्न त्याच्या लेखी तत्त्वाचा होता. सत्तेवर आलेल्या हुजूर पक्षाने पुढच्याच वर्षी दंतोपचारावर सरसकट एक पौंडाचा आकार लावला. एकदा पडलेले खिंडार मोठेच होत जाते. आज त्या देशात सरकारी यंत्रणेत नवा रुग्ण घेणारा दंतवैद्य मिळणे दुरापास्त झाले आहे, आणि माणसे स्वतःचे दात पकडीने उपटत असल्याच्या बातम्या तेथील वृत्तपत्रांत छापून येतात.

भारताची अवस्था याहून चमत्कारिक आहे. येथे दंतवैद्यांचा तुटवडा नाही. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, दरवर्षी पंचवीस हजारांहून अधिक विद्यार्थी घेण्याची त्यांची क्षमता आहे आणि त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालये आणि मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय सोडले, तर उरलेली बाजारपेठ साखरसम्राट आणि शिक्षणसम्राट यांनी वाटून घेतली आहे. (ज्या साखरेने दात किडतात तिच्याच नफ्यातून दंतवैद्य घडविण्याचे कारखाने निघावेत, ही एकात्मिक उद्योगाची कमालच म्हणावयाची.) लाखो रुपये शुल्क भरून बाहेर पडलेला तरुण दंतवैद्य दुसऱ्याच्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबतो, किंवा कर्ज काढून शहराच्या त्याच रस्त्यावर आठवा दवाखाना थाटतो. कर्ज फेडावयाचे असल्याने त्याला पांढरे शुभ्र हसू विकावे लागते. ऊसतोड कामगाराची दाढ त्याच्या हप्त्यात बसत नाही. एका बाजूला काम नसलेले दंतवैद्य, दुसऱ्या बाजूला उपचार नसलेले दात, आणि दोहोंच्या मध्ये ‘पद मंजूर नाही’ असा शेरा! धान्याची कोठारे भरलेली असताना लोक उपाशी मरण्याची जी कहाणी अर्थशास्त्राला परिचित आहे, तिची ही मुखातील आवृत्ती.

ब्राझीलमध्येही दंतवैद्य उदंड आणि गरिबांच्या तोंडात दात नाहीत अशीच स्थिती होती. लुला यांच्या सरकारने २००४ साली ‘हसरे ब्राझील’ या नावाने राष्ट्रीय मुखारोग्य धोरण सुरू केले आणि वस्त्यांवस्त्यांतून काम करणाऱ्या कुटुंब-आरोग्य पथकांना दंतपथके जोडली. मध्यंतरी खर्चाला कात्री लागली. २०२३ साली कायदा करून त्या सेवेला सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत कायमचे स्थान देण्यात आले. न्यूझीलंडने तर १९२१ सालीच शाळांसाठी दंतपरिचारिकांना प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. त्या मुलांचे दात भरीत, काढीत. मुले त्या खोलीला ‘खुनी घर’ म्हणत हे खरे. पण ती खोली शाळेतच होती आणि फुकट होती. आपल्याकडे २०१४-१५ पासून राष्ट्रीय मुखारोग्य कार्यक्रम कागदावर आहे, आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांत मुखारोग्याचा समावेश आहे. जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट व दात भरण्याचे काचमिश्रित सिमेंट ही २०२१ साली आवश्यक औषधांच्या यादीत घातली. त्याच टूथपेस्टवर भारत सरकारने २०१७ पासून १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला. तो ५ टक्क्यांवर आणायला २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. आठ वर्षे दात घासण्याबद्दल दंड आणि न घासण्याबद्दल उपदेश, असा हा कारभार.

जे दुखतच नाही त्याचाही येथे विचार केला पाहिजे, कारण तातडी आणि वेदना या नेहमी एकत्र येत नाहीत. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातील व्रण, गालाच्या आतील पांढरा वा लाल चट्टा, दिवसेंदिवस कमी उघडणारे तोंड, आपोआप हलू लागलेला दात, या गोष्टी बहुधा दुखत नाहीत आणि म्हणूनच राहून जातात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तो मिळत नाही असे ठिकाण दाखवून देणाऱ्याचा सत्कार करावा. दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली, तरी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री घराघरांत होतेच. मिश्री लावणाऱ्या बाईला व्यसनी म्हणून हिणवणे सोपे आहे. तिला विचारले तर ती सांगते, मिश्रीने भूक मरते, झोप उडते आणि दाढेचा ठणका बधिर होतो. म्हणजे जेवण, विश्रांती आणि दंतवैद्य या तिन्हींची जागा एका पुडीने भरून काढली आहे.

मागण्यांची लांबलचक जंत्री येथे देण्याचे कारण नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रावर आठवड्यातून निदान काही दिवस दंतवैद्य, तोही संध्याकाळी. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात रात्रीची सोय. दात भरणे आणि मुळांचा उपचार यांचा विमा योजनांत समावेश. गळीत हंगामात कारखान्याच्या खर्चाने फडांवर फिरते दंतपथक आणि त्या दिवसाचा खाडा माफ. यांतील एकही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. परंतु त्यासाठी हाती पुरावा हवा आणि तो मिळविणे कार्यकर्त्याच्या आवाक्यात आहे. आपल्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात माहितीच्या अधिकाराखाली एक साधा अर्ज टाकावा. दंतखुर्ची आहे काय; असल्यास गेल्या वर्षी ती किती दिवस चालू होती; दंतवैद्याचे पद भरलेले आहे काय; आणि नोंदवहीप्रमाणे वर्षभरात किती दात भरले व किती काढले? हे शेवटचे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून ग्रामसभेत वाचावेत. ज्या रुग्णालयात एक दात भरला जातो तेव्हा वीस काढले जात असतील, तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याला ‘लोक वेळीच येत नाहीत’ हे वाक्य त्या सभेत उभे राहून म्हणावयास सांगावे.